‘जुनी सीडी लागत नाही’ असं कृपया म्हणू नका

महाराष्ट्रातले रेडिओलॉजिस्ट, सीटी आणि पेट स्कॅन सेंटरचे चालक आणि तिथं काउंटरवर बसणारी मुलंमुली, सर्वांना,

स. न. वि. वि.

मी भूमी अभिलेख खात्यातून २०१६ साली निमतानदार म्हणून निवृत्त झालो. भूकरमापक शेताची मोजणी करतो. ती मोजणी तपासायची, वाद निघाला तर पुन्हा जाऊन पाहायचं, हे माझं काम. उभी नोकरी सातारा-सांगली भागात दुसऱ्यांच्या बांधावर उभं राहून गेली. २०२२ च्या एप्रिलमध्ये मुंबईत माझ्या डाव्या फुफ्फुसाची वरची पाळी काढली. कॅन्सर दुसऱ्या टप्प्यातला होता. ऑगस्टपर्यंत केमोचे चार डोस झाले. विड्या ओढायचो, १९९९ ला सोडल्या. हे इथंच सांगून टाकतो, कारण लोकांचा पहिला प्रश्न तोच असतो.

उपचार संपल्यावर डॉक्टरांनी पुढचं वेळापत्रक दिलं. पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी छातीचा सीटी, मग वर्षातून एकदा. बाहेरच्या देशांतही साधारण हाच क्रम पाळतात. पहिले चार स्कॅन मुंबईत, ऑपरेशन झालं त्याच हॉस्पिटलात झाले. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ असतं, आणि त्या सवलतीच्या नियमात उपचारासोबत ठरावीक मुदतीची तपासणीही धरलेली आहे. पण भाडं माफ झालं तरी गुडघे काही माफ करत नाहीत. म्हणून ऑक्टोबर २०२४ चा पाचवा स्कॅन मी घराजवळच्या शहरात करून घ्यायचं ठरवलं.

काउंटरवर मी पिशवी ठेवली. तिच्यात आधीच्या स्कॅनच्या पाच सीड्या (ऑपरेशनच्या आधीची एक, नंतरच्या चार), सगळे रिपोर्ट, ऑपरेशनचा कागद. काउंटरवरची मुलगी स्वभावानं चांगली होती. पाणी हवं का विचारलं, क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट नीट पाहून घेतला. पिशवीकडे बघून म्हणाली, “काका, जुनं काही लागत नाही. आपलं मशीन नवीन आहे, १२८ स्लाइसचं.”

मी पिशवी परत मांडीवर घेतली. चूक माझीही आहे. ‘आधी जुनं टिपण काढा, मग शेतात पाय टाका’ (टिपण म्हणजे मूळ मोजणीचा कागद) असं म्हणून मी पस्तीस वर्षं हाताखालच्या पोरांना हैराण केलं, आणि स्वतःच्या छातीची मोजणी व्हायची वेळ आली तेव्हा गप्प बसलो.

रिपोर्ट त्याच रात्री पावणेअकराला व्हॉट्सॲपवर आला. इंग्रजीत होता. सूनबाईनं वाचला. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या पाळीत ८ मिलिमीटरची गाठ. कॅन्सरचा पूर्वेतिहास पाहता तो पसरला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पेट-सीटी (टोचलेली किरणोत्सारी साखर शरीरात कुठं साचून चमकते ते दाखवणारा स्कॅन) करावा, क्लिनिकल को-रिलेशन (रुग्णाला तपासून ताळा घेणं) करावं. अर्थ सांगता सांगता तिचा आवाज खाली गेला, तेव्हाच मला काय ते कळलं.

मुंबईची तारीख बारा दिवसांनी होती. त्या बारा दिवसांत मी सातबारे काढले, बँकेतली वारसांची नावं तपासली, पुतण्याशी राहिलेला हिशेब मिटवला. हिनं माझ्याशी भांडायचं बंद केलं. रिपोर्टपेक्षा मला त्याची जास्त धास्ती वाटली.

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी पिशवी पाहिली आणि तिथल्या रेडिओलॉजिस्टना बोलावलं. त्यांनी मार्च २०२२ ची, म्हणजे ऑपरेशनच्या आधीची सीडी लावली. डावीकडे जुनं चित्र, उजवीकडे नवं. दोन्ही एकाच पातळीवर आणून थांबवली आणि म्हणाले, “काका, ही तर तेव्हाही आहे. एवढीच.” १९८३ साली मला टीबी झाला होता, त्याचा हा डाग. अडीच वर्षांत तसूभर हलला नव्हता. २०२२ च्या रिपोर्टात त्याची एक ओळसुद्धा होती, आणि तो कागद त्या दिवशी पिशवीत माझ्या मांडीवर होता.

नव्या स्कॅनचा रिपोर्ट ज्यांनी लिहिला, त्यांच्यावर माझा राग नाही. त्या गाठीत चुना साचलेला नाही. त्यामुळे एकट्या चित्रावरून ती जुनी की नवी हे कोणालाच सांगता आलं नसतं. समोर होतं त्याप्रमाणे त्यांनी बरोबरच लिहिलं. फक्त जुना नकाशा त्यांच्यापर्यंत पोहोचू दिला गेला नाही. ते बसले होते ती खोली आणि माझी पिशवी यांच्यात दोन भिंती असतील. हे पत्र त्या दोन भिंतींबद्दल आहे.

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये रुमालात बांधलेली जुनी टिपणं असतात. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरात जी मोजणीची पद्धत बसवली, तिच्यातून निघालेले हे कागद. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. आज रोव्हर आला, उपग्रहावरून सेंटिमीटरपर्यंत माप मिळतं. पण दोन भावांचा वाद आला की पहिला प्रश्न एकच, मूळ टिपणात काय आहे? यंत्र कितीही नवं असलं तरी ते आज बांध कुठं आहे एवढंच सांगतं. बांध सरकला की नाही, हे त्याला एकट्याला कधीच सांगता येत नाही. उपचारानंतरच्या स्कॅनमध्ये तर विचारायचं एवढंच असतं, काही सरकलं का? पहिल्या निदानाच्या वेळी ‘आत काय आहे’ हा प्रश्न होता. आता आत काय आहे ते ठाऊक आहे. टाके आहेत, जुने डाग आहेत, एक पाळी नाही, उरलेली फुगून वर आली आहे. यातलं काय बदललं ते सांगा.

आता याची दुसरी बाजू, जी मला जास्त खुपते. माझ्या बाबतीत तुलना न केल्यानं उगाच घाबरवलं गेलं. पण नुसती मागच्या स्कॅनशी तुलना केली तर उलटंही होतं. ओपीडीच्या बाकावर बार्शीकडचे एक गृहस्थ भेटले. त्यांच्या पहिल्या रिपोर्टानंतरच्या सलग तीन रिपोर्टांत एकच वाक्य होतं, ‘मागील स्कॅनच्या तुलनेत लक्षणीय बदल नाही.’ आणि पहिल्यापासूनचे आकडे होते ५, ६, ६, ७. प्रत्येक वेळी शेजारच्याच आकड्याशी तुलना, आणि प्रत्येक वेळी फरक फार तर मिलिमीटरभर, म्हणजे मोजणाऱ्याच्या हाताच्या चुकीत बसणारा. पाचव्या वेळी ८ आला तेव्हा कोणीतरी पहिला स्कॅन काढून शेजारी ठेवला. दोन वर्षांत ५ चे ८.

शेतकऱ्याच्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. याला बांध कोरणं म्हणतात. शेजारी दर नांगरटीला वीतभर आत येतो. गेल्या वर्षीच्या बांधाशी ताडून पाहिलं तर काहीच गेलेलं दिसत नाही. मूळ टिपण काढलं की दोन गुंठे गेलेले दिसतात.

हे तुमच्या शास्त्रात नाही असंही नाही. औषधांच्या चाचण्यांत गाठी मोजायची रेसिस्ट नावाची नियमावली आहे, तिची सुधारित आवृत्ती २००९ ची. माझ्या मुलानं मला ती वाचून दाखवली. तिच्यात वाढ ठरवताना तुलना मागच्या स्कॅनशी करायची नसते, चाचणीच्या सुरुवातीपासून मिळालेल्या सर्वांत लहान मापाशी करायची असते. वीस टक्के आणि किमान ५ मिलिमीटर वाढ दिसली तर ती वाढ. चाचणीतल्या रुग्णासाठी ही शिस्त पाळता येते, तर कऱ्हाड-सांगलीत पैसे भरून आलेल्या रुग्णासाठी निदान जुना कागद तरी काढता येईल ना?

मिलिमीटरचा विषय निघालाच आहे म्हणून थोडा हिशेब मांडतो. ८ ची गाठ १० झाली तर ऐकणाऱ्याला दोनच मिलिमीटर वाटतात. पण गाठ म्हणजे गोळा. ८ चा घन ५१२, १० चा घन १०००. म्हणजे गाठ जवळपास दुप्पट झाली. उलट तीच गाठ दोन डॉक्टरांनी मोजली, किंवा एकाच डॉक्टरांनी दोनदा मोजली, तर मिलिमीटर-दीड मिलिमीटर इकडंतिकडं सहज होतं. त्यात स्कॅनमधल्या चित्रांचे काप जाड की पातळ यानं फरक पडतो, रुग्णानं श्वास किती भरला यानंही पडतो. एक पाळी नसलेल्या माणसाला ‘श्वास घ्या, रोखून धरा’ हा यंत्रातला आवाज फार घाईचा वाटतो. आत घेण्याआधी एकदा सराव करू दिलात तर चित्रही बरं येईल. सांगायचं असं, की ‘८ चे ९ झाले’ या वाक्यानं घाबरायचं की निश्चिंत व्हायचं, हे दोन मापांवर ठरत नाही. तीन-चार मापं तारखेसकट ओळीत मांडली तरच ठरतं. ती ओळ रिपोर्टात लिहायला किती जागा लागते? आमच्या फाळणी नकाशावर याहून जास्त आकडे असतात.

आता काउंटरवरच्या फॉर्मबद्दल. तुम्ही विचारता मधुमेह आहे का, मेटफॉर्मिन चालू आहे का, कशाची ॲलर्जी आहे का. योग्यच आहे, काँट्रास्टसाठी, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधासाठी, ते लागतं. पण ऑपरेशन कधी झालं, कोणती पाळी काढली, रेडिएशन दिलं का, कुठं, आणि कधी संपलं, हे कोणी विचारत नाही. मला रेडिएशन लागलं नाही. ज्यांना लागलं त्यांच्याकडून आणि डॉक्टरांकडून समजलं ते असं. रेडिएशननंतरच्या काही आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत त्या भागाला सूज येऊ शकते. पुढे वर्ष-दोन वर्षांत तो भाग आक्रसतो, घट्ट होतो, आणि चित्रात हुबेहूब गाठीसारखा दिसू शकतो. ओळखायची एक खूण म्हणजे हा डाग फुफ्फुसाच्या पाळ्यांच्या हद्दी पाळत नाही, किरण जिथून गेले तिथून तो जातो. पण किरण कुठून गेले हे ठाऊकच नसेल तर ही खूण काय कामाची? पेट स्कॅनमध्येही ही सूज चमकते. टीबीही चमकतो. आपल्या देशात किती छात्यांमध्ये टीबीचे जुने डाग आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणूनच पेटबद्दल एक विनंती. काही ठिकाणी ‘कॅन्सर फॉलो-अप पॅकेज, फुल बॉडी पेट’ अशी पाटी दिसते. काहीही लक्षण नसताना, नुसतं लक्ष ठेवायला पेट करू नये, असं फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शंका आली तर जरूर करा. ८ मिलिमीटरहून लहान गाठीत त्याचा भरवसाही कमी असतो. मी त्या बारा दिवसांत पेट केला असता तर माझ्या टीबीच्या डागावर पैसे घातले असते. शिवाय छातीच्या एका सीटीत साधारण ७ मिलिसिव्हर्ट किरण मिळतात, निसर्गातून वर्षाला मिळतात त्याच्या दोन-तीन पट. पेट-सीटीत त्याहूनही पुष्कळ जास्त. अडुसष्टाव्या वर्षी मला किरणांची भीती नाही, पण जुनी सीडी उघडली नाही म्हणून नवे किरण घ्यायचे, हा कुठला हिशेब?

एक गोष्ट सांगायची टाळणार होतो, कारण ती माझ्याच विरुद्ध जाते असं वाटेल. मी डॉक्टरांना सरळ विचारलं होतं, हे स्कॅन करून माणूस जास्त जगतो का? त्यांनी लपवलं नाही. फ्रान्समध्ये २००५ ते २०१२ या काळात ऑपरेशन झालेल्या १,७७५ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला ठरावीक मुदतीनं सीटी, दुसऱ्याला तपासणी आणि साधा एक्स-रे. निकाल २०२२ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आले. सीटीच्या गटात उलटलेला किंवा नव्यानं झालेला कॅन्सर जास्त सापडला. आयुष्य थोडं जास्त दिसलं, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल एवढाच. स्कॅननं आयुष्य वाढतं हे त्यातून सिद्ध झालं नाही. डॉक्टर म्हणाले, “तरी आम्ही करतो, कारण नवा कॅन्सर लवकर सापडला तर आज त्यावर इलाज आहेत, आणि ती चाचणी सुरू झाली तेव्हा आजची औषधं नव्हती.” मला पटलं. मी स्कॅन करत राहिलो.

पण यातून मी एक अर्थ काढला, तो तुमच्यासमोर ठेवतो. स्कॅनचा फायदा फार मोठा असता, तर त्याच्या वाचनात थोडं ढिलं झालेलं चाललं असतं. इथं फायदाच बेताचा आहे. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आहेत रात्री पावणेअकराचा मेसेज, बारा दिवस, तुकडा काढायला घातलेली एखादी नको असलेली सुई (बायोप्सी), एखादा नको असलेला पेट. अशा वेळी तुलना न करता वाचलेला स्कॅन न केलेल्या स्कॅनपेक्षा वाईट ठरतो. एवढं कडक बोलतो, राग मानू नका.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. बाहेर रांग असते, शिवाय जुन्या सीड्या हा एक छळच आहे. आमच्या घरी आता सीडी घालायला एकही कॉम्प्युटर उरला नाही, तुमच्याकडच्या नव्या मशीनलाही ती खाच नसते. पेन ड्राइव्ह दिला तर व्हायरसच्या भीतीनं कोणी लावत नाही. एका सेंटरनं मला लिंक पाठवली होती, ती तीस दिवसांनी बंद पडली. कुठं कुठं स्कॅन इथं होतो आणि रिपोर्ट दुसऱ्या शहरात बसलेले डॉक्टर लिहितात. त्यालाही माझी हरकत नाही. नवी चित्रं तारेवरून त्यांच्यापर्यंत जातात, तशी जुनीही जावीत. जुनी चित्रं उतरवून घ्यायला, शेजारी लावायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही, हेही खरं. मग मागा की! आमच्या काळी मोजणीची फी साधी वेगळी, तातडीची वेगळी, अतितातडीची वेगळी होती, आणि लोक भरत होते. ‘जुन्या स्कॅनशी तुलनेसह’ अशी वेगळी फी पाटीवर लावा. मी भरीन. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी काय करायचं ते तुम्ही आणि सरकार मिळून ठरवा, पण आज ती गोष्ट पाटीवरच नाही.

आणि चित्रं जपून ठेवा. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या नियमांत दाखल रुग्णांचे कागद तीन वर्षं ठेवायचे आणि मागितले तर ७२ तासांत द्यायचे, असं आहे. आम्ही दाखलही नसतो. दारातून येतो, पैसे भरतो, तासाभरात जातो. आमच्यावर लक्ष मात्र पाच वर्षं आणि त्याहून पुढेही ठेवायचं असतं. तीन वर्षांनी पहिला, म्हणजे सर्वांत मोलाचा स्कॅन पुसला गेला, तर पुढच्या प्रत्येक मोजणीचं मूळ टिपणच गेलं. फिल्मवर छापलेली पंधरा-वीस चित्रं त्याच्या जागी चालत नाहीत. ती पाहायला बरी, मोजायला निरुपयोगी.

अपॉइंटमेंटचा मेसेज तुम्ही पाठवताच. ‘उपाशीपोटी या, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणा.’ त्यात एक ओळ वाढवा, ‘आधीचे सर्व स्कॅन सीडीसह आणा, पहिला आणि शेवटचा नक्की.’ रिपोर्टाच्या अगदी वर लिहा, कोणत्या तारखांच्या चित्रांशी तुलना केली. केली नसेल, तर तेही तिथंच लिहा, मराठीत, ठळक. ‘जुने स्कॅन न पाहता लिहिलेला रिपोर्ट.’ रिपोर्ट आमच्यापासून लपवा असं मी म्हणत नाही, तो आमचा हक्क आहे. पण रात्री पावणेअकराला ही एक ओळ वर दिसली असती, तर सूनबाई म्हणाली असती, “बाबा, यांनी जुनं पाहिलेलंच नाही. आपण पिशवी घेऊन मुंबईला जाऊ.”

२०२५ चा स्कॅन मी पुन्हा मुंबईत केला. ठीक आला. येत्या ऑक्टोबरचा मात्र इकडंच करावा लागेल, गुडघ्यांनी आता साफ नकार दिलाय. तुमच्यापैकीच कोणाकडे तरी येईन. पिशवीत सात सीड्या असतील, तारखेच्या क्रमानं, प्रत्येकीवर काळ्या मार्करनं नंबर घातलेला, आणि वर एका कागदावर उजव्या खालच्या पाळीतल्या त्या डागाची सात मापं. काउंटरवर ठेवीन, आणि या वेळी उचलणार नाही.

आपला,
एक निवृत्त निमतानदार,
जिल्हा सातारा